अज्ञात लोहपाषाणाची ओळख : पल्लासच्या लोहखंडापासून विडमनश्टेटनच्या आकृत्यांपर्यंत (इ.स. १७४९ ते १८०८)

प्रस्तावना :

माळावर, ओढ्याच्या पात्रात अथवा विहीर खणताना कधी कधी एखादा दगड हाती लागतो, जो आकाराच्या मानाने फारच जड असतो. वरून काळपट, गंजलेला. फोडला तर आत धातूसारखा चमकणारा. गावातील जाणता मनुष्य तो हातात तोलून पाहतो, लोहार त्यावर घण घालतो, शाळेतील गुरुजी लोहचुंबक लावून पाहतात. महाराष्ट्रात असा दगड बहुतेक वेळा मॅग्नेटाइटचे प्रमाण अधिक असलेला बेसाल्ट, जांभ्यातील लोहगाठ किंवा जुन्या भट्टीतील धातुमळी यांपैकी काहीतरी निघतो. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात उघडकीस आली आहे. अशा स्थळांच्या आसपास मळीचे तुकडे विखुरलेले असणे स्वाभाविकच होय. आयुर्वेदाने या जुन्या मळीला 'मंडूर' असे नाव देऊन औषधात स्थान दिले आणि ती जितकी जुनी तितकी गुणकारी मानली. थोडक्यात, धातूसारखा दिसणारा दगड म्हणजे आकाशातून पडलेला दगड, असे समीकरण मांडता येत नाही. शंभरांतील नव्याण्णव दगड या पृथ्वीचेच असतात.

परंतु उरलेला एक दगड ओळखायचा कसा, हा प्रश्न केवळ खनिजशास्त्राचा नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला तो चांगलाच परिचयाचा वाटावा. बिनतारखेचा, बिनसहीचा, मूळ जागेवरून हललेला एखादा कागद आपल्या हाती येतो, तेव्हा आपण कागद, शाई, अक्षराचे वळण तपासतो आणि तारीख असलेल्या समकालीन कागदांशी तो ताडून पाहतो. अज्ञात दगडाची ओळखही नेमकी याच मार्गाने पटली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील विद्वानांनी हा प्रश्न कसा सोडवला, आणि तो सोडवताना कोणाची साक्ष ग्राह्य व कोणाची अग्राह्य ठरली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

येनिसेईकाठचा लोहखंड :

सायबेरियातील क्रास्नोयार्स्क शहराच्या दक्षिणेस येनिसेई नदीला उबेई व सिसिम या दोन उपनद्या मिळतात. त्यांच्या दरम्यानच्या डोंगराळ प्रदेशात १७४९ मध्ये लोहखनिजाच्या एका शिरेची पाहणी झाली. खाणखात्यातील जर्मन अधिकारी योहान मेट्टिख आणि स्थानिक लोहार याकोव्ह मेदवेदेव्ह यांचा या पाहणीशी संबंध होता. त्याच डोंगरावर उघड्या जमिनीवर एक अजस्र लोहखंड मेदवेदेव्हच्या दृष्टीस पडला. त्याचे वजन ४० पुडांहून अधिक, म्हणजे सुमारे ७०० किलोग्रॅम होते. तो खडकात रुतलेला नव्हता, सुटा पडलेला होता. खाणीतील धातुक आणि हा खंड यांचे रूप अगदी वेगळे होते. त्याचा पांढुरका रंग आणि ठोकल्यावर येणारा नाद यांमुळे तो लोखंडापेक्षा अधिक मोलाचा काही धातू असावा, असे मेदवेदेव्हला वाटले. त्याने तो मोठ्या कष्टाने आपल्या गावी आणला. सरकारदरबारी मात्र वीस वर्षांहून अधिक काळ कोणीही त्याची विशेष दखल घेतली नाही.

१७७२ मध्ये पीटर सिमोन पल्लास (१७४१-१८११) हा निसर्गशास्त्रज्ञ या प्रदेशात होता. बर्लिन येथे जन्मलेल्या पल्लासला सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या राजवटीत सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने पाचारण केले होते, आणि १७६८ ते १७७४ या काळात त्याने रशियाच्या पूर्व भागाचा विस्तृत प्रवास केला. लोहखंड पाहताच त्याचे वेगळेपण त्याने ओळखले. हे लोखंड स्पंजासारखे सच्छिद्र होते आणि त्याच्या पोकळ्यांत पिवळसर हिरवे, काचेसारखे पारदर्शक मणी बसवल्याप्रमाणे भरलेले होते. हे मणी म्हणजे आज आपण ज्याला ऑलिव्हीन म्हणतो ते खनिज. पल्लासने तीन गोष्टी नमूद केल्या : हे लोखंड निसर्गनिर्मित आहे, भट्टीतील नव्हे, त्या प्रदेशात प्राचीन खाणकामाच्या खुणा असल्या तरी इतका मोठा गोळा गाळण्याची क्षमता त्या जुन्या भट्ट्यांत नव्हती, आणि स्थानिक तार्तर लोक तो आकाशातून पडलेला पवित्र खंड मानतात. तिसरी गोष्ट त्याने नोंदवली, पण तिच्यावर कोणताही निष्कर्ष उभारला नाही. पल्लासला दोष देण्याचे कारण नाही. ऐकले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हेही क्षेत्रसंशोधकाचे मोठेच कार्य असते. ती नोंद नसती तर पुढील चर्चेला एक महत्त्वाचा दुवा मिळाला नसता. १७७७ मध्ये हा खंड सेंट पीटर्सबर्गला पोहोचला आणि त्याचे तुकडे युरोपभरच्या संग्रहांत गेले.

घणाखालची परीक्षा :

शास्त्रज्ञांच्या आधी अशा लोखंडाची परीक्षा लोहारांनी केली, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. पल्लासच्या वर्णनानुसार हे लोखंड थंड असताना घणाखाली पसरत असे, पण फार तापवले की ठिसूळ होऊन फुटत असे. या संदर्भात दीड शतकापूर्वीची एक भारतीय नोंद आठवल्यावाचून राहत नाही. 'तुझुक-इ-जहांगिरी' या आत्मचरित्रात बादशहा जहांगीर याने एप्रिल १६२१ मधील जालंधर परगण्यातील घटना लिहून ठेवली आहे. पूर्वेकडून भयंकर आवाज झाला, आकाशातून तेज खाली आले. तेथील आमील महंमद सईद घोड्यावर बसून त्या जागी गेला. जमीन जळालेली दिसली. त्याने ती खणवली, तेव्हा खाली तप्त लोखंडाचा गोळा सापडला. तो दरबारी पाठवण्यात आला आणि त्याचे वजन १६० तोळे भरले. बादशहाने उस्ताद दाऊद याला त्याची शस्त्रे घडवण्याची आज्ञा केली. परंतु हे लोखंड घणाखाली टिकेना, त्याचे तुकडे पडू लागले. तेव्हा तीन भाग हे लोखंड व एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी तयार करण्यात आली. त्यांपैकी सुरी आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहालयात आहे.

ही नोंद इतिहासाच्या शिस्तीने पाहिल्यास आदर्श म्हणावी लागेल. स्थळ, काळ, अधिकाऱ्याचे नाव, जमिनीची अवस्था, वजन, कारागिराचे नाव आणि धातूचे वर्तन, सारे काही तीत आहे. गंधकाचा अंश असलेले लोखंड तापवून ठोकल्यास फुटते, हे आजचे ज्ञान. उस्ताद दाऊदला कारण ठाऊक नव्हते, पण हे नेहमीचे लोखंड नव्हे हे त्याच्या हाताला कळले होते. जहांगीराने मात्र त्याला विजेचे लोखंड मानले. गंमत अशी की आपण आज वापरतो तो 'अशनी' हा शब्दही मुळात इंद्राच्या वज्राचा, विजेचा वाचक आहे. आकाशातून पडणारा दगड आणि वीज यांची गल्लत दिल्ली-आग्र्यापासून पॅरिसपर्यंत सर्वत्र होती.

विद्वानांचा नकार :

पॅरिसमध्ये ही गल्लत कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १३ सप्टेंबर १७६८ रोजी फ्रान्समधील ल्यूसे या गावाजवळ शेतात काम करणाऱ्या लोकांनी गडगडाट ऐकला आणि एक दगड पडताना पाहिला. तो हात लावू नये इतका तप्त होता. दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे आला. फूजेरू, काडे आणि तरुण लाव्हाझिए यांच्या समितीने त्याचे पृथक्करण केले : गंधक साडेआठ टक्के, लोह ३६ टक्के आणि उरलेली काचेसारखी वितळणारी माती. निष्कर्ष असा निघाला की हा गंधकयुक्त लोहखनिज असलेला वालुकाश्म असून जमिनीच्या पातळ थराखाली तो होताच. त्यावर वीज पडली आणि तो उघडा झाला.

आकाशात दगडच नाहीत, मग ते पडणार कोठून, असे एक वाक्य लाव्हाझिएच्या तोंडी घालून त्याची थट्टा करण्याची प्रथा आहे. समितीचा युक्तिवाद त्याहून पुष्कळ काळजीपूर्वक होता, हे मान्य केले पाहिजे. दगडावरील काळे आवरण अत्यंत पातळ आहे, म्हणजे उष्णता फार थोडा वेळ लागली असावी, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. चूक दोन ठिकाणी झाली. एक तर एकाच नमुन्याच्या रासायनिक घटकांवरून त्याच्या उगमाचा निर्णय देण्यात आला. आणि दुसरे, ज्यांनी दगड पडताना प्रत्यक्ष पाहिला त्यांचे म्हणणे शेतकऱ्यांचा भाबडेपणा म्हणून बाजूला ठेवण्यात आले. पृथक्करण अपुरे होते याबद्दल क्षमा आहे. निकेल हा धातू १७५१ मध्ये क्रोनश्टेटने शोधला असला तरी दगडांत तो शोधण्याची रीत रूढ नव्हती. दुसऱ्या चुकीला मात्र तितकी सहज क्षमा करता येत नाही.

व्हिएन्नामध्येही तेच घडले. २६ मे १७५१ रोजी क्रोएशियातील ह्राश्चिना येथे दोन लोहखंड पडले. त्यांतील मोठा सुमारे ३९ किलोग्रॅमचा होता. धर्मपीठाच्या प्रतिनिधीने साक्षीदारांच्या शपथपूर्वक जबान्या घेऊन कागदपत्र तयार केले होते. १७९० मध्ये त्यांवर लिहिताना आंद्रेआस श्ट्यूट्झ या खनिजतज्ज्ञाने, अशा गोष्टींवर १७५१ मध्ये शिकलेले लोकही विश्वास ठेवू शकत, पण आता ते शक्य नाही, अशा आशयाचे मत व्यक्त केले. ज्ञानोदयाच्या युगाने अंधश्रद्धेविरुद्ध उभारलेली भिंत सत्य साक्षीलाही आडवी आली. आपल्याकडील प्रबोधनाच्या इतिहासातही लोकपरंपरेकडे पाहताना असे प्रसंग घडले नसतील असे नाही. पण तो स्वतंत्र विषय आहे.

कायद्याचा पदवीधर आणि साक्षीपुराव्याचे शास्त्र :

या कोंडीतून वाट काढली ती एर्न्स्ट क्लाडनी (१७५६-१८२७) याने. तो खनिजतज्ज्ञही नव्हता आणि रसायनतज्ज्ञही. पित्याच्या आग्रहाखातर त्याने लाइपझिग येथे कायद्याची पदवी घेतली होती आणि कंप पावणाऱ्या पट्ट्यांवरील वाळूच्या आकृत्यांमुळे ध्वनिशास्त्रात त्याचे नाव झाले होते. १७९३ मध्ये गटिंगन येथे लिख्टेनबर्ग या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाशी अग्निगोलांविषयी त्याचे संभाषण झाले. त्यानंतर त्याने काही आठवडे तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून जुन्या वृत्तांतांचे वाचन केले आणि १७९४ मध्ये ६३ पृष्ठांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच पल्लासच्या लोहखंडाचा उल्लेख होता. प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता आणि सायबेरियात न जाता केवळ ग्रंथालयात बसून केलेले हे संशोधन आहे, याचे इतिहासाच्या अभ्यासकाला समाधान वाटल्यास आश्चर्य नाही.

क्लाडनीने प्रथम पर्याय निकालात काढले. हा खंड भट्टीतून आलेला नाही, कारण असा गोळा गाळणारी भट्टी तेथे नव्हती आणि ठिसूळ ओतीव लोखंडापेक्षा त्याचा गुण भिन्न होता. ज्वालामुखीतून आलेला नाही, कारण जवळपास ज्वालामुखी नाही आणि ज्वालामुखीतून असे लोखंड बाहेर पडताना आढळत नाही. वीज वा वणवा यांच्या उष्णतेने एवढा धातू वितळणे संभवत नाही. त्यानंतर त्याने मुख्य मुद्दा मांडला. वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणारे लोक एकच क्रम सांगतात : आधी अग्निगोल, मग स्फोटाचा आवाज, मग दगड किंवा लोखंड. परस्परांशी संगनमत करणे ज्यांना अशक्य होते अशा साक्षीदारांच्या जबान्या तपशिलात जुळत असतील, तर न्यायालय त्या मान्य करते. क्लाडनीने निसर्गविज्ञानात तोच नियम लावला. तार्तरांची परंपरा येथे प्रथमच कामी आली.

पुस्तिकेचे स्वागत थंडपणे झाले. काहींनी उपहासही केला. त्यात न्यूटनी परंपरेतील एक शंका होती : ग्रहांमधील अवकाश रिकामे असताना त्यात दगड तरंगतील कसे? क्लाडनीपाशी याचे प्रायोगिक उत्तर नव्हते. त्याच्यापाशी होती ती साक्ष, आणि साक्षीला वस्तूचा आधार मिळाल्याखेरीज विद्वानांची मने वळणार नव्हती.

क्राखूतचे दगड आणि हॉवर्डचे पृथक्करण :

तो आधार अंशतः भारतातून गेला. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास बनारसच्या आसपास निरभ्र आकाशात तेजस्वी गोळा दिसला, गडगडाट झाला आणि शहरापासून १४ मैलांवरील क्राखूत गावाजवळ दगड पडले. एक दगड तर एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत घुसला. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रज गृहस्थाने गावकऱ्यांकडे चौकशी करून वृत्तांत लंडनला पाठवला. त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते : या भूमीत ज्वालामुखी नाहीत आणि त्या भागात अशा जातीचे दगडही आढळत नाहीत. गंगेच्या गाळाच्या मैदानात मुळात दगडच दुर्मीळ, त्यामुळे 'येथेच होता आणि वीज पडून उघडा झाला' हा पॅरिसचा युक्तिवाद तेथे लंगडा पडला.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या प्रोत्साहनाने एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाने या दगडांचे पृथक्करण हाती घेतले. त्याला फ्रान्समधून परागंदा झालेला खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नाँ याची साथ मिळाली. त्यांनी बनारसच्या दगडाबरोबर इटलीतील सिएना (१७९४), इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज (१७९५) आणि बोहेमियातील ताबोर (१७५३) येथील दगड घेतले. बूर्नाँने दगड भिंगाखाली फोडून त्यांतील घटक वेगवेगळे केले : लहान गोलसर कण, गंधकयुक्त लोह, धातुरूप लोखंडाचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी माती. समितीने ल्यूसेचा दगड सरसकट कुटून पृथक्करण केले होते. येथे प्रत्येक घटकाची तपासणी निराळी झाली. चारही दगडांतील धातुकणांत निकेल सापडले. मग हॉवर्डने, ज्यांना कोणी पडताना पाहिले नव्हते असे लोहखंड तपासले. त्यांत दक्षिण अमेरिकेतील कांपो देल सिएलोचा होता, आणि पल्लासचाही. त्यांतही निकेल सापडले. पल्लासच्या खंडातील हिरवट मण्यांत सिलिका व मॅग्नेशिया निघाले, आणि दगडांच्या मातकट भागाशी त्यांचे नाते दिसले.

१८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे महत्त्व निकेलच्या शोधात नाही, असे मला वाटते. प्रूस्तने कांपो देल सिएलोच्या लोखंडात ते १७९९ मध्येच दाखवले होते. महत्त्व आहे ते रचनेत. पडताना पाहिलेले दगड हे तारीख असलेले कागद. त्यांतून एक खूण निश्चित झाली. ती खूण बिनतारखेच्या लोहखंडांत आढळताच त्यांचेही मूळ उजेडात आले. पहारेकऱ्याच्या झोपडीत पडलेला दगड खरोखर वरून पडला, हे मान्य केल्याशिवाय निकेलला काही अर्थच नव्हता.

पुढील वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, नॉर्मंडीतील लेगल येथे सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. अंतर्गत व्यवहारमंत्री शाप्ताल यांनी पाठवलेल्या बियोने गावोगाव फिरून चौकशी केली. त्या भागातील भट्ट्यांत व खाणींत असा पदार्थ निघत नाही, पूर्वीच्या संग्रहांत असा दगड नाही, आणि भिन्न व्यवसायांचे, भिन्न स्थितीचे लोक एकच हकीकत सांगतात, हे त्याने दाखवले. ३० वर्षांपूर्वी ज्या नगरीत शेतकऱ्यांची साक्ष फेटाळली गेली तेथेच ती आता वैज्ञानिक अहवालाचा भाग झाली. (याच सुमारास, १८०२ मध्ये, ओल्बर्सने शोधलेल्या लघुग्रहाचे नाव पॅलस आहे; पण ते ग्रीक देवतेवरून, पल्लासवरून नव्हे. विद्यार्थी हमखास गोंधळतात.)

शेवटची खूण धातूच्या पोटातच होती. नेपल्स येथे विल्यम थॉमसनने पल्लासच्या लोखंडाचा गंज काढण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरले, तेव्हा पृष्ठभागावर एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची सुबक जाळी उमटली. त्याने हे १८०४ मध्ये प्रसिद्ध केले. व्हिएन्नात विडमनश्टेटनला १८०८ मध्ये ह्राश्चिनाच्या लोखंडाची चकती तापवताना तीच जाळी दिसली, आणि आकृत्यांना नाव त्याचे पडले. निकेलचे कमी व अधिक प्रमाण असलेली दोन प्रकारची लोखंडे लक्षावधी वर्षांत अत्यंत सावकाश थंड होताना विलग झाली, की असा आकृतिबंध तयार होतो. कोणत्याही भट्टीत तो घडवता येत नाही. श्ट्यूट्झने ज्या लोखंडाच्या साक्षीदारांना हसण्यावारी नेले होते, त्याच लोखंडाने त्यांची बाजू मांडली. पल्लासच्या खंडासारख्या दगडी-लोही अशनींना गुस्ताव्ह रोझने १८६० च्या दशकात 'पॅलेसाइट' हे नाव दिले.

लोणारचा धागा :

आज अशा दगडाची प्राथमिक परीक्षा घरीही करता येते. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून कस पाहावा : काळा आल्यास मॅग्नेटाइट, तांबूस आल्यास हेमाटाइट. दगडात बुडबुड्यांची भोके असतील तर बहुधा मळी. चुंबक चिकटला एवढ्यावरून काही ठरत नाही. निर्णय मात्र निकेल आणि अंतर्रचना यांवर होतो, आणि त्यासाठी प्रयोगशाळा हवी. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी अशनी पडले, तेव्हा गावकऱ्यांनी आणून दिलेले तुकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी तपासले. कोणी त्यांना भाबडे म्हटले नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण याहून बोलके आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पडताना पाहिलेला साक्षीदार असणे शक्यच नाही, आणि बेसाल्टच्या प्रदेशात असल्याने ते दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले गेले. १९७३ मध्ये ते आघातविवर असल्याचे सिद्ध झाले, ते धातूच्या तुकड्यावरून नव्हे, तर आघाताच्या दाबाने फेल्डस्पारचे काचेत रूपांतर होऊन तयार झालेल्या मॅस्केलिनाइट या पदार्थावरून. मॅस्केलिनाइटचे पहिले वर्णन शेर्माकने १८७२ मध्ये केले होते. त्यासाठी त्याने वापरलेला दगड बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी लोकांच्या डोळ्यांदेखत पडला होता.